मोदकाचा खुलासा

बाळांनो,

बाबा मंडळाचा अध्यक्ष झाला हे कळल्यावर थोरलीने मला लिहिलं, "सो प्राउड ऑफ हिम, आजी!" धाकट्याने एकच प्रश्न विचारला, "हू डिड ही बीट?"

थोरलीला मी लगेच हसरा चेहरा पाठवला. धाकट्याचं उत्तर मात्र राहून गेलं. नियमाप्रमाणे ते सोपं आहे: कोणालाच हरवलं नाही, बाबा बिनविरोध निवडून आला. एवढं टाइप करून मी पुसून टाकलं. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मध्येच "इट्स ओके, आजी" म्हणता आणि माझं पुढचं वाक्य तोंडातच राहतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण हे सगळं मराठीत घडलं. अडलं तर आईला विचारा, बाबाला नको.

आधी आपल्या इथल्या, दुबईच्या मंडळाची पद्धत सांगते. तुम्हाला मंडळ म्हणजे लेझीम, गणपती आणि कंटाळवाणी भाषणं एवढंच आठवत असेल. मंडळाची निवडणूक नावापुरती असते. आपला गट, ज्याला सगळे 'पॅनेल' म्हणतात, इतका मोठा आहे की त्याच्यासमोर उभं राहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. त्यामुळे खरी लढत आधीच होते, पॅनेलच्या आत. पॅनेलमधली कुटुंबं आपसात मतं देऊन आपला उमेदवार ठरवतात. एका घराला एक मत. तिथे जो जिंकला तो अध्यक्ष झालाच. अमेरिकेत पक्षातल्या पक्षात आधी भांडून घेतात ना, तसंच. आपल्याकडे भांडणानंतर बटाटेवडे असतात, एवढाच फरक.

या वेळी पॅनेलमधून दोघं इच्छुक होते. एक तुमचा बाबा. दुसरा तुमचा अजमानकाका.

अजमानकाकाला तुम्ही विसरला नसाल. मिरवणुकीत तुम्हा दोघांना आळीपाळीने खांद्यावर घेणारा तोच. रत्नागिरीकडचा, समुद्रकाठच्या गावातल्या मुसलमान कुटुंबातला मुलगा. फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो आणि भाडं परवडतं म्हणून अजमानला राहतो. रोजचा एवढा प्रवास करूनही मंडळाच्या कामाला कधी नाही म्हणाला नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कॅम्पांत आपल्याकडची जी एकटी पुरुषमंडळी राहतात, बांधकामावरची, कारखान्यांतली, त्यांना बस करून उत्सवाला आणायचं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. ती मुलं येतात, मांडव उभारतात, ढोल वाजवतात, खुर्च्या उचलतात आणि परत जातात. सभासद मात्र होऊ शकत नाहीत, कारण मंडळात मत घराला आहे, आणि त्यांचं घर इथे नाही.

अजमानकाकाची एकच मागणी होती. "खोलीला मत द्या," तो म्हणायचा. "आठ जणांत एक. आठ मतं कोण मागतंय? एका खोलीला एक."

लोक हसायचे. पण हळूहळू काही घरांना ते पटायला लागलं होतं, आणि बाबाच्या मित्रांना त्याचीच धास्ती होती.

बाबाला अध्यक्ष का व्हायचं होतं, तेही सांगायला हवं, नाहीतर मी त्याच्यावर अन्याय करीन. तुम्ही दोघं लांब गेलात. ऑफिसात त्याच्याहून लहान माणूस त्याचा साहेब झाला. संध्याकाळी तो घरी यायचा आणि टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसायचा. मंडळाच्या कामाला लागल्यापासून तो पुन्हा शिट्टी वाजवत दाढी करायला लागला होता. त्याची आई म्हणून मला याहून जास्त काय हवं होतं?

आता फोटोची गोष्ट.

उमेदवार ठरायला थोडे दिवस राहिले असताना काही ग्रुपांवर एक फोटो फिरू लागला. गणपतीतला. अजमानकाका सभागृहाच्या मागच्या दाराशी, कचऱ्याच्या निळ्या डब्यावर वाकलेला. हातात कागदी बशी तिरकी धरलेली, बशीच्या कडेला मोदक. खाली शब्द एकही नाही. हात जोडल्याची खूण आणि एक प्रश्नचिन्ह, बस्स.

शब्द का नाही, हे इथे वाढलेल्या तुम्हाला कळेल. या देशात कोणाची बदनामी नाव घेऊन लिहिली तर प्रकरण थेट पोलिसांत जातं. म्हणून इथे कोणी काही लिहीत नाही. फोटो पाठवतात आणि बघणाऱ्याला स्वतःच्या मनात वाक्य लिहू देतात.

त्या शनिवारी बाबाचा तो जाहिरात कंपनीतला मित्र नेहमीप्रमाणे आपल्याकडे मिसळ खायला आला होता. तुम्ही त्याला मिसळकाका म्हणता, मीही तेच म्हणते. आल्या आल्या त्याने कांदा-लिंबू जवळ ओढलं आणि माझ्यासमोर फोन धरला.

"काकू, पाहिलंत? मार्केटमध्ये नवीन आहे."

मी चष्मा लावून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. "हे कोणी काढलं? हे साफ खोटं आहे."

"फोटो खोटा कसा असेल, काकू? एआय-बिआय नाहीये. ओरिजिनल आहे."

"फोटो खरा असेल. अर्थ खोटा आहे. तो मोदक मी दिला होता त्याला, माझ्या हाताने."

आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी सभागृहामागच्या स्वयंपाकघरात मी मोदक वाढत होते. अजमानकाका पाण्याच्या बाटल्यांचे खोके उचलत होता. मी बशी पुढे केली, तर तो हळूच म्हणाला, "मावशी, आज रोजा आहे माझा. रमजानमध्ये आजारी होतो ना, सुटलेले भरून काढतोय. पण हा घरी नेतो. ह्याच्यावरच सोडीन." त्याने मोदक कागदी रुमालात नीट गुंडाळला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि रिकामी बशी टाकून दिली. फोटो त्याच्या आधीच्या क्षणाचा, मोदक अजून बशीतच असतानाचा. संध्याकाळी त्याचा फोन आला: "मावशी, खजुराच्या आधी तुमचा मोदक. सारण एक नंबर!" मला इतका आनंद झाला होता की मी तो कोणाला सांगितलाही नव्हता.

मी बोलायची थांबले. मिसळकाकाने चमचा खाली ठेवला.

"रोजा मोदकाने सोडला? बाप्पाच्या प्रसादाने?"

"हो."

"काकू, हे तुम्ही लिहायला पाहिजे. नावानिशी. तुमची सही. एवढ्या चांगल्या माणसाबद्दल असा गैरसमज? छे! क्लॅरिफिकेशन आपल्याच बाजूने जाऊ दे. लोकांना कळू दे, आम्ही फेअर खेळतो."

तुमची आई ओट्याजवळ पाव भाजत होती. तिने मागे न बघता म्हटलं, "आई, आधी त्यांना एक फोन करा. विचारा, लिहू का म्हणून."

मी म्हटलं, "चांगल्या गोष्टीला काय विचारायचं?"

हे माझं वाक्य. बाळांनो, या गोष्टीत इतर कोणी काय केलं ते मी पुढे सांगेन, पण हे वाक्य माझं आहे. मला कोणी भरीला घातलं नव्हतं. पावाचा वास सुटला होता, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं की या घरात न्यायाची बाजू घेणारी मी एकटीच आहे.

 मग बाबा म्हणाला, "आई, तू लिही. तुझं सगळे ऐकतात."

खरंच ऐकतात. मंडळाची स्मरणिका मी वर्षानुवर्षं संपादित केली आहे. तुमचे आजोबा असताना मी इथे एका इंग्रज साहेबाची सेक्रेटरी होते. पत्राचा मसुदा कसा करावा हे त्याने मला शिकवलं. आधी वस्तुस्थिती, मग मत, विशेषणं शून्य. मी त्याच पद्धतीने बसले. दुपारभर बसले. एकेक शब्द तोलला.

मी लिहिलं की गणेशोत्सवातलं एक छायाचित्र सध्या फिरत आहे, त्यावरून आपल्या एका जुन्या सहकाऱ्याने प्रसादाचा मोदक कचऱ्यात टाकला असा समज होऊ शकतो, आणि तो चुकीचा आहे. त्या दिवशी त्यांचा रोजा होता. मोदक मी स्वतः त्यांना दिला. तो त्यांनी जपून घरी नेला आणि सूर्यास्तानंतर त्याच मोदकाने रोजा सोडला. ज्यांनी बाप्पाच्या प्रसादाने आपला उपवास सोडला, त्यांच्या आदरभावाविषयी शंका घेणं आपल्याला शोभत नाही. मध्ये त्याचं पूर्ण नाव. खाली माझं.

मिसळकाकाने वाचलं. "एक शब्द हलवू नका, काकू. परफेक्ट आहे." आणि त्याने ते सगळ्या ग्रुपांवर टाकलं. सगळ्या म्हणजे किती सगळ्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिले काही तास मी खुशीत होते, हे लपवत नाही. 'किती संयत!' 'काकू, तुमची लेखणी म्हणजे लेखणी.' फोन वाजत होता आणि मी दर वेळी चष्मा लावून बघत होते. मग एका ओळखीच्या बाईंचा निरोप आला: "काकू, छान लिहिलंत. पण मोदक टाकतानाचा तो फोटो आम्हाला आलाच नाही. पाठवता का?"

मी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

फोटो किती घरांत पोचला होता? थोड्या. माझा खुलासा सगळ्या घरांत पोचला. ज्यांना मोदक, डबा, कचरा यांतलं काही माहीत नव्हतं, त्यांना आता माहीत झालं, आणि तेही माझ्या शुद्ध मराठीत. मग आणखी निरोप आले. एकाने विचारलं, प्रसाद खातात ते ठीक, पण अध्यक्ष झाल्यावर आरतीला पुढे कोण उभं राहणार? एकीने लिहिलं, आमचं काहीच म्हणणं नाही हो, माणूस हिरा आहे, पण गणपतीच्या तयारीच्या दिवसांत रोजे आले तर काम कसं होणार? त्या दिवसापर्यंत अजमानकाका मंडळातला एक कामाचा माणूस होता. मी त्याला एका परिच्छेदात 'मंडळातला मुसलमान' करून टाकलं होतं, आणि वर त्याची स्तुती केली होती.

तरी हे अर्धंच होतं.

दोनेक दिवसांनी अजमानकाकाने पॅनेलच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: "घरच्या कारणामुळे मी माझं नाव मागे घेत आहे. मावशींचे आभार." एवढंच. मी ती ओळ कितीदा वाचली. आभार कशाचे?

मिसळकाकाचा फोन लगेच आला. बाबा आंघोळीला गेला होता, म्हणून त्याचा फोन मी उचलला.

"यल्ला, चला अध्यक्ष, खलास! वन नोट, बोथ साइड्स क्लियर!"

"मी बोलतेय," मी म्हटलं. "दोन्ही बाजू म्हणजे कुठल्या?"

 तो हसला. मला आजही वाटतं, त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"अहो काकू, आपल्या लोकांत डाउट आला, ही एक बाजू. आणि तिकडे त्यांच्या लोकांत ते मोदकाने रोजा सोडलेलं कोणाला आवडतंय? गावापर्यंत गेलं म्हणे. इथे वाईट लिहिलं तर केस होते. चांगलं लिहिलं तर कोण केस करतो? तुम्ही एक अक्षर खोटं लिहिलं नाहीत. टेन्शन घेऊ नका."

मी फोन ठेवला. बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "कोण होतं?" मी म्हटलं, "तुझा मित्र. तू निवडून आलास."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या आईला म्हटलं, मला अजमानला घेऊन चल. तिने गाडीत एकदाही 'मी सांगत होते' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

अजमानकाकाने दार उघडलं. "या मावशी, या! वहिनी, या ना." आवाज नेहमीचा होता. त्याची बायको आतून आली, सलाम केला, पाणी ठेवलं आणि समोर बसली. एरवी ती चहा टाकायला आत जायची. त्या दिवशी गेली नाही.

मी म्हटलं, "मी माफी मागायला आले आहे."

"कसली माफी, मावशी? तुम्ही खरं तेच लिहिलंत."

त्याची बायको म्हणाली, "खरं होतं म्हणूनच तर." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मावशी, आमच्यात प्रसाद कोणी खातं, कोणी नाही खात. ज्याचं त्याने बघायचं. ह्यांनी घरी आणला तेव्हा मी काही बोलले का? मीपण अर्धा खाल्ला. पण ती आमच्या टेबलावरची गोष्ट होती. तुम्ही ती सगळ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलीत."

"अगं, राहू दे," तो म्हणाला.

"का राहू दे? त्यांनी सगळ्यांना सांगितलं, मी फक्त त्यांनाच सांगतेय."

मग तो बोलला. हळू बोलला, जमिनीकडे बघत. गावाकडे त्याची अम्मी एकटी असते. माझा खुलासा कोणीतरी उर्दूत करून गावच्या ग्रुपवर टाकला होता. शेजारणीने तिला वाचून दाखवला. अम्मी रडली नाही की भांडली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते. आता लोक मला विचारतात आणि मला काय बोलायचं ते कळत नाही."

"मावशी," तो म्हणाला, "खोटं असतं तर मी उभा राहून सांगितलं असतं, खोटं आहे. हिंमत आहे माझी. पण खऱ्याला काय करू? हो म्हणालो तर तिकडे अम्मीची मान खाली. नाही म्हणालो तर इकडे तुम्ही खोट्या पडता. तुम्ही स्वतः लिहिलंय, सही करून. तुम्हाला कसं खोटं पाडू? म्हणून म्हटलं, खलास. नाव मागे. विषयच संपला."

 मला वाटलं होतं, तो माझ्या खुलाशामुळे हरला. तो माझी अब्रू राखायला हरला होता.

मी म्हटलं, "मी पुन्हा लिहिते. सांगते की माझी चूक झाली, तुला न विचारता..."

"नको!" दोघंही एकदम म्हणाले, आणि मग त्यालाच हसू आलं. "मावशी, हात जोडतो. आता माझ्याबद्दल काही लिहू नका. चांगलं तर मुळीच नको."

तुमची आई हसली. मीही हसले असावे. त्याची बायको हसली नाही. निघताना तिने आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि तुमच्या आईच्या हाताला हात लावला. माझ्या नाही.

हे पत्र लिहिण्याआधी मात्र मी त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "नातवंडांना सांगा. ग्रुपवर नको." म्हणून बाळांनो, हे कोणाला पुढे पाठवायचं नाही. स्क्रीनशॉटही नको.

अजमानहून परतलो तेव्हा बाबा भाषणाची तयारी करत बसला होता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"तुला ठाऊक होतं का, माझ्या लिहिण्याने तिकडे काय होईल?"

त्याने पेन खाली ठेवलं. तो लहान असल्यापासून खोटं बोलताना उजवीकडे बघतो. त्या दिवशी सरळ माझ्याकडे बघत होता.

"माझा तो मित्र म्हणाला होता की काकूंचं क्लॅरिफिकेशन दोन्हीकडे काम करेल."

"आणि तू?"

"मी विचारलं नाही, दोन्हीकडे म्हणजे काय."

"का नाही विचारलंस?"

"आई, विचारलं असतं तर कळलं असतं ना."

त्याने भाषणाचा कागद उचलला.  मग तो म्हणाला, "मी पण नाव मागे घेऊ का?"

इथे मला खरं लिहायचं आहे. त्या क्षणी 'घे' म्हणायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. भाषणात खाडाखोड केलेली होती, समासात बारीक अक्षरात 'इथे थांबायचं, टाळ्या' असं लिहिलेलं होतं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेच्या आधीही तो असंच लिहायचा. मी म्हटलं, "आता मागे घेतलंस तर त्या मिसळवाल्याचाच माणूस बसेल. त्यापेक्षा अध्यक्ष हो आणि खोलीला मत मिळवून दे."

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "करतो, आई. नक्की करतो."

मी केलेली ती वाटाघाट वाईट होती असं अजूनही म्हणवत नाही. पण ती करताना मी अजमानकाकाचा विचार करत होते की माझ्या मुलाच्या शिट्टीचा, हे मला नीट ठाऊक आहे.

पदग्रहणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अजमानकाका आला नव्हता, पण बस आली होती. ती त्याने नेहमीप्रमाणे पाठवली होती. कॅम्पातली मुलं इस्त्रीचे शर्ट घालून मागच्या भिंतीला ओळीने उभी होती, कारण खुर्च्या घरांसाठी होत्या. सत्कार झाले, भाषण झालं. बाबाने ठरल्या जागी थांबून टाळ्या घेतल्या. त्यानंतर सर्वसाधारण सभा. विषयपत्रिका संपत आली तरी खोलीच्या मताचं नाव नाही. मी बाबाकडे बघत होते. तो कागद चाळत होता.

शेवटी सचिव म्हणाले, "आयत्या वेळचे काही विषय?"

मी उभी राहिले. साहेबाने शिकवलेल्या पद्धतीने बोलले, आधी वस्तुस्थिती, मग सूचना. कॅम्पमधल्या प्रत्येक खोलीला एक मत द्यावं, अशी सूचना मी मांडते.

मिसळकाका पहिल्या रांगेतून वळला. "काकू, आज खोलीला, उद्या बंक बेडला? वरच्या बेडला एक, खालच्याला एक?"

सभागृह हसलं. मागची मुलंही हसली, त्यांना हसावंच लागलं.

बाबा हसला नाही. हे त्याच्या बाजूने सांगते. त्याने माइक जवळ घेतला आणि म्हणाला, "सूचना आली आहे. अनुमोदन कोण देतं?"

तुमच्या आईने हात वर केला. ताबडतोब, सरळ वर.

बाबाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मंडळाच्या घटनेची प्रत समोर होती, पण त्याला ती उघडावी लागली नाही. "एकाच घरातलं अनुमोदन चालत नाही," तो म्हणाला.  "दुसरं कोणी?"

मी वळून सभागृहाकडे पाहिलं. सगळी माझ्या ओळखीची माणसं. माझ्या हातचं खाल्लेली, माझ्या स्मरणिकेत ज्यांच्या मुलांच्या कविता मी छापल्या ती. 'किती संयत' म्हणणारे होते. 'लेखणी म्हणजे लेखणी' म्हणणारे होते. कोणी फोनमध्ये बघत होतं, कोणी पर्समध्ये काही शोधत होतं. ज्या घरांना अजमानकाकाचं म्हणणं पटत होतं, तीही होती. त्यांच्याकडे बघितलं तर ती खाली बघायची. मी अजमानकाकाबद्दल खोटं लिहिलं असतं तर कदाचित त्यांना माझा राग आला असता आणि त्याच्या बाजूने कोणीतरी उठलं असतं.

"अनुमोदनाअभावी सूचना पुढे जात नाही," बाबा म्हणाला. "सभा संपली. चहा घ्या."

खुर्च्या सरकल्या. मी तशीच उभी होते, कारण बसायचं कसं ते क्षणभर मला सुचत नव्हतं. मागच्या भिंतीपासून एक जण पुढे आला. चहाच्या टेबलासाठी जागा करायला खुर्च्या उचलायचं काम त्यांच्याकडेच होतं. तो माझ्याजवळ येऊन थांबला.

"आजी, तुमची ही राहू दे का? बसा तुम्ही. ही शेवटी नेतो."

मी बसले. त्याने माझ्या आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या उचलून नेल्या.